विलापातलं रडणं आणि गाणं: ओप्पारी टिपून काढताना हद्द कुठे आखायची?

अंतरा

ओप्पारीची, म्हणजे मयताच्या घरी तमिळ बायका म्हणतात त्या विलापाची, काही ध्वनिमुद्रणं टिपून काढायचं काम हाती आहे आणि ते एका जागी अडलं आहे. मुद्रणं दोन तऱ्हेची आहेत. काही प्रत्यक्ष मयताच्या घरची, घरच्यांना विचारून केलेली. काही माइक लावून गाणाऱ्या पथकांची. तमिळ शब्द उतरवून द्यायला जाणकार सोबत आहेत, तिथे अडचण नाही. अडचण आवाजाची आहे. बाई ओळ सुरात उचलते, मध्येच गळा दाटतो, दोन-तीन शब्द हुंदक्यात वाहून जातात आणि ओळीचा शेवट पुन्हा नेमका त्याच सुरावर टेकतो. सरगम लिहायला घेतली की रडणं गळून पडतं. 'येथे रडते' असा कंस टाकला की ओळ तुटते. दोन्ही टिपणं खोटी वाटतात.

तर रडणं कुठे संपतं आणि गाणं कुठे सुरू होतं हे ओळखायच्या काही पक्क्या खुणा आहेत का? त्या इतर समाजांतल्या विलापांनाही लागू पडतात, की दर ठिकाणी नव्याने शोधाव्या लागतात? टिपणाची पद्धत आणि प्राट या आवाज तपासायच्या सॉफ्टवेअरमधली सेटिंग तपशिलात हवी आहे. मयत नसताना 'जरा म्हणून दाखवा' असं सांगून केलेलं मुद्रण तुलनेला कितपत चालतं? आणि परईपुढे (मर्तिकात वाजणाऱ्या डफासारख्या वाद्यापुढे) बाईचा आवाज पार बुडतो, त्यावर काही उपाय असेल तर तोही सांगा.

श्रुतिलेख

हद्द आखायचा नाद सोडा. टिपणात रडण्याला आणि सुराला एकाखाली एक अशा दोन वेगळ्या ओळी द्या, निम्मं काम तिथेच सुटतं. विलापात हुंदका कुठेही येत नाही, तो ठरावीक जागी येतो. ती जागा पकडली की त्या समाजाची रीत हाती लागते.

खुणांबद्दल: ग्रेग अर्बन यांनी १९८८ साली ब्राझीलमधल्या शोक्लेंग, शावांते आणि बोरोरो या समाजांच्या विलापांची तुलना केली. तिन्हींच्या चाली वेगळ्या, पण रडण्याच्या चार खुणा सामाईक निघाल्या. पहिली चाळणी म्हणून त्या आजही सगळ्यांत उपयोगी आहेत.

एक, हुंदक्याची तूट. स्वरतंतू क्षणभर घट्ट मिटतात, आवाज कापला जातो आणि झटक्यात सुटतो. वर्णपटात (आवाजातल्या कंपनसंख्या वेळेनुसार दाखवणाऱ्या चित्रात) पांढरी उभी फट दिसते आणि तिच्या उजव्या कडेला गडद रेघ. दोन, आत ओढलेला आवाज. श्वास घेतानाच कंठ वाजतो. हा ओळींच्या मध्ये येतो आणि नवखा माणूस त्याला हटकून 'आ' किंवा 'ई' हा स्वर समजून शब्दांत लिहून टाकतो. ओळखायची खूण म्हणजे त्याची तीव्रता आजूबाजूच्या गाण्यापेक्षा कमी असते, त्यात हवेची खरखर मिसळलेली असते आणि त्याच्या लगेच नंतर ओळ सुरू होते. तीन, चरचरीत आवाज. कंपनं इतकी सावकाश होतात की एकेक सुटी ऐकू येते. हा बहुतेक ओळीच्या शेवटी, फुप्फुसातली हवा सरत आली की येतो. चार, चिरकून वर गेलेला पातळ स्वर. तो बहुधा हाकेच्या शब्दावर, म्हणजे 'आई', 'दादा' अशा नात्याच्या नावावर सापडतो.

एका ओळीत यातल्या किती खुणा, कुठे आणि कोणत्या क्रमाने येतात, ते नोंदवा. खऱ्या अनावर रडण्यात त्यांची गर्दी असते आणि क्रम नसतो. विलापात क्रम असतो. पथकाच्या कार्यक्रमात बहुतेक वेळा दुसरी आणि तिसरी खूण जवळजवळ नाहीशी होते. पहिली आणि चौथी उरते, कारण त्या लांबून ऐकू येतात.

आता टिपणाचे स्तर. एलानमध्ये (ध्वनिफाइलखाली वेळेनुसार नोंदी करायचं सॉफ्टवेअर) किंवा प्राटच्या टेक्स्टग्रिडमध्ये (त्यातली तशीच नोंदींची चौकट) सहा स्तर करा: श्वास, शब्द, स्वर, रडण्याच्या खुणा, बाकीच्यांचा प्रतिसाद, बाहेरचे आवाज. सुरुवात श्वासापासूनच करायची, शब्दांपासून नाही. विलापाची ओळ म्हणजे एक उच्छ्वास, आणि शब्दांवरून ओळी पाडल्या तर वाक्य दोन श्वासांत विभागलं गेलेलं असताना सगळी रचना चुकते. श्वासाचा स्तर आधी पुरा झाला की बाकीचे आपोआप बसतात. खुणांसाठी चिन्हं स्वतःची ठरवा, फक्त सगळीकडे तीच ठेवा. आत ओढलेल्या आवाजाला खाली जाणारा बाण आणि चरचरीत आवाजाला अक्षराखाली लहरी रेघ ही ध्वनिशास्त्रात रुळलेली चिन्हं आहेत, ती घेतलीत तर दुसऱ्याला वाचता येतील.

प्राटमध्ये पट्टीची, म्हणजे सुराच्या उंचीची, मर्यादा कधीही आपोआप ठरू देऊ नका. बाईच्या विलापाला खालची ७५ आणि वरची ८०० हर्ट्झ ठेवून पहिला फेरा करा. वरची मर्यादा ५००वर असेल तर चिरका स्वर सापडत नाही किंवा अर्ध्या कंपनसंख्येवर उतरलेला दिसतो. चरचरीत तुकडे वेगळे काढून ४० ते ३००वर पुन्हा तपासा. रेघ अचानक बरोबर दुप्पट किंवा निमपट झाली तर ती सॉफ्टवेअरची चूक समजा आणि कानाने खात्री करा. वर्णपटाची खिडकी (एका वेळी मोजला जाणारा तुकडा) ०.००५ सेकंदाची असते, ती ०.०३ केली की हार्मोनिक, म्हणजे मूळ कंपनसंख्येच्या पटीतल्या आडव्या रेघा, वेगवेगळे दिसतात आणि शंका फिटते. आणखी एक: पडद्यावर १० सेकंदांपेक्षा मोठा तुकडा उघडला की प्राट पट्टीची रेघ दाखवतच नाही. विलापाच्या ओळी लांब असतात, त्यामुळे पुष्कळांना वाटतं की फाइलच बिघडली. तुकडा लहान करा किंवा ती मर्यादा वाढवा.

सरगम लिहायचीच असेल तर प्रत्येक ओळीचा टेकायचा सूर हा त्या ओळीपुरता सा धरा. अंतर सेंटमध्ये (सप्तकाच्या बाराशेव्या भागात) काढा: वरच्या कंपनसंख्येला खालच्या कंपनसंख्येने भागा, त्याचा दोनच्या पायावरचा लॉगॅरिदम घ्या आणि १२००ने गुणा. ३३० आणि २२० असेल तर उत्तर ७०२ येतं, म्हणजे शुद्ध पंचम. पेटीच्या पट्ट्यांत सूर बसवायच्या मोहात पडू नका. ग आणि म यांच्या मधल्या सुरावर बाई दर ओळीला नेमकी येत असेल तर तो तिचा सूर आहे, तिची चूक नाही.

उत्तरायण

श्रुतिलेख यांच्या चार खुणा कामाच्या आहेत, पण त्या आवाजाच्या खुणा आहेत. विलापाची चाल आणि त्यातली बोली यांचा हिशोब वेगळा ठेवावा लागतो आणि तिथे समाजागणिक फरक पडतो.

पापुआ न्यू गिनीतल्या बोसावी भागातले कालुली लोक घ्या. स्टीव्हन फेल्ड यांनी १९७०च्या दशकात तिथे केलेलं काम या विषयात पायाभूत मानलं जातं. कालुली बायकांचा विलाप चार उतरत्या सुरांवर चालतो. खालच्या सुराला सा मानलं तर प, म, रे, सा. हेच सूर तिथल्या जंगलातल्या एका फळखाऊ पारव्याच्या हाकेत आहेत, आणि कालुलींच्या मते मेलेली माणसं पक्षी होऊन बोलतात. म्हणजे इथे सुरांची निवडच मृत्यूच्या कल्पनेतून झाली आहे. पुरुषांचं रडणं मोठ्याने फुटतं आणि लवकर ओसरतं. बायकांचं सुरात स्थिरावतं, त्यात शब्द येतात, गावांची, ओढ्यांची, वाटांची नावं येतात. जिथे जिथे त्या माणसाबरोबर फिरणं झालं त्या जागा क्रमाने घेतल्या जातात. तुमच्या शब्दांच्या स्तराला स्थळनावांचा एक उपस्तर जोडून बघा. ओप्पारीत तसा क्रम मिळाला नाही तरी 'नाही' हीसुद्धा नोंद आहे.

कारेलिया, म्हणजे फिनलंड आणि रशिया यांच्या सीमेवरचा प्रदेश, तिथला विलाप आणखी वेगळा. त्याला ते 'आवाजाने रडणं' म्हणतात. चाल अगदी अरुंद, ओळ वरच्या सुरावर सुरू होऊन पायरी-पायरीने उतरते, ताल नाही, ओळींची लांबी सारखी नाही, सगळं जागच्या जागी रचलेलं. पण खरी गुंतागुंत बोलीत आहे. मेलेल्या माणसाचं नाव घ्यायचं नाही, नात्याचा साधा शब्दही वापरायचा नाही. आईला 'मला वाहून नेणारी' अशा अर्थाचं लाडकं रूप, स्वतःला 'दुबळी काया'. त्यातही शब्दांची आद्याक्षरं जुळली पाहिजेत. कारण असं की परलोकातल्यांना रोजची भाषा कळत नाही, ही कळते अशी तिथली श्रद्धा. म्हणून विलाप करणारी बाई म्हणजे दोन्हीकडची वाटाडी. अंघोळ घालताना, शवपेटी बनवताना, उंबऱ्याबाहेर काढताना, थडग्यावर आणि पुढे स्मरणाच्या दिवशीही वेगळे विलाप. लग्नातही विलाप असे, नवरीच्या पाठवणीचा, आणि चाल तीच. त्यामुळे केवळ सुरावरून 'हा मृत्यूचा विलाप' असं ठरवणं तिथे फसतं.

जुन्या मुद्रणांशी तुलना करणार असाल तर सावध राहा. विसाव्या शतकाच्या सुरुवातीची कारेलियाची मुद्रणं मेणाच्या नळकांड्यांवर आहेत. एका नळकांड्यात साधारण दोन ते चार मिनिटं मावत. म्हणून त्या काळचे विलाप तीन मिनिटांचे 'दिसतात'; प्रत्यक्षात ते कितीतरी लांब असत. यंत्राचा वेगही दर वेळी सारखा नसे. काही संग्राहक सुरुवातीला सुराची शिट्टी वाजवून ठेवत, तिच्यावरून वेग ताडता येतो. शिट्टी नसेल तर त्या मुद्रणातल्या सुरांची उंची विश्वासाने सांगूच नये. दोन सुरांमधलं अंतर तेवढं सांगावं.

ग्रीसच्या दक्षिण टोकाला मानी म्हणून डोंगराळ भाग आहे. तिथले विलाप आठ अक्षरी ओळींत असतात, बाकी ग्रीसमध्ये पंधरा अक्षरी ओळ जास्त. एक बाई पुढे होते, बाकीच्या तिला साथ देतात, मग दुसरी पुढे होते. ही साथ म्हणजे नुसतं पालुपद नव्हे. ती साक्ष असते. माणूस कसा गेला, कोणाचा दोष, कोणाचं देणं राहिलं हे विलापात सांगितलं जातं आणि प्रतिसाद देणाऱ्या बायका ते मान्य करतात. खून झाला असेल तर सूड कोणी घ्यायचा हेही त्यातच ठरे. 'इलियड'मध्ये ट्रॉयच्या हेक्टरच्या प्रेताभोवती होमरने जे रंगवलं आहे त्यात हीच दोन अंगं आहेत: आधी बोलावलेले गायक सूर धरतात आणि बायका कण्हून साथ देतात, मग आंद्रोमाखी, हेकाबी आणि हेलेन या तिघी आळीपाळीने स्वतःचा शोक मांडतात. म्हणून प्रतिसादाचा स्तर सगळ्यांत शेवटी, वेळ उरला तर भरायचा, असं कृपया करू नका. तो नसेल तर कोणी कशाला दुजोरा दिला ते कळतच नाही.

एक मोठा गैरसमज आहे: जगातला प्रत्येक विलाप उतरत्या सुरांचा असतो. हुंदक्यात हवेचा दाब कमी होत जातो, त्यामुळे सूर पडतो, हे खरं. सतराव्या शतकातल्या इटलीतल्या ऑपेरांनी तर मंद्रात चार सूर उतरत जाण्याची एक कायमची खूणच करून ठेवली. पण जॉर्जियातल्या स्वानेतीत पुरुष एकत्र उभे राहून 'झार' म्हणतात. तीन आवाजांचं हे गायन, त्यात अर्थाचे शब्द नसतात, नुसते 'वोइ', 'वाइ' असे उद्गार, आणि सगळ्यांची पट्टी मिळून हळूहळू चढत जाते. हुंदक्याची तूट त्यात शोधूनही मिळत नाही. तरीही ऐकणाऱ्याच्या पोटात कालवतं. चार खुणांची यादी घेऊन स्वानेतीला गेलात तर 'इथे विलाप नाही' असा चुकीचा निष्कर्ष निघेल.

कोरडवाहू

ओप्पारीपुरतं लिहितो.

मयताच्या घरी बायका केस मोकळे सोडून घोळक्याने बसतात, एकमेकींच्या खांद्यावर हात, डोकी आत वळवलेली, आणि मागेपुढे झुलतात. बाहेरगावची बाई आली की ती घोळक्यात शिरते आणि तिचा विलाप सुरू होतो. एका अंगणात असे तीन-चार घोळके असतात. त्यामुळे मुद्रणात एकाच वेळी तीन-चार ओप्पारी ऐकू येतात, प्रत्येकीचा सा वेगळा. मधोमध ठेवलेल्या एका माइकने त्यातली एकही धड मिळत नाही. उपाय साधा आहे: घोळक्यात बसणाऱ्या एका बाईची संमती घेऊन तिच्या पदराला छोटा माइक लावायचा, आणि सगळ्या अंगणाचं दुसरं मुद्रण दूर ठेवलेल्या यंत्रावर घ्यायचं. दोन्ही नंतर जुळवायची. झुलण्यामुळे पदर माइकवर घासतो, म्हणून माइक छातीपाशी न लावता खांद्याच्या शिवणीजवळ लावावा. छाती बडवण्याचा आवाजही तिथे कमी येतो.

रचना बहुतेक जोडओळींची असते, ओळींच्या सुरुवातीची अक्षरं जुळवलेली. सोनं, मोती, पोवळं, तांदळाचं कोठार अशा संपन्नतेच्या प्रतिमा पहिल्या ओळीत आणि त्यांचा नाश दुसरीत. मेलं कोणीही असो, हाक पुष्कळदा 'मला जन्म दिलेल्या आई' अशी आईलाच असते. तुमच्या टिपणात 'मृत व्यक्तीला उद्देशून' असा रकाना असेल तर तो काढून टाका, तिथे घोळ होणार. इझाबेल क्लार्क-देसेस यांनी तमिळनाडूत केलेल्या अभ्यासात हेच ठळक दिसतं: बाई मेलेल्यासाठी जितकं रडते त्याहून जास्त स्वतःच्या वाट्याला आलेल्या दुःखासाठी रडते. सासर, वांझपणाचा बोल, भावाने न दिलेला वाटा. मृत्यूच्या घरी हे सगळ्यांसमोर म्हणता येतं, एरवी नाही. आपल्याकडे गळ्यात पडून, गेलेल्याचे गुण आठवत हेल काढून रडणाऱ्या बायकांच्या बोलण्यातही स्वतःचं गाऱ्हाणं असंच येऊन मिसळतं. ते कोणी टिपायला घ्यावं अशी फार इच्छा आहे. श्वास आणि प्रतिसाद हे दोन स्तर तिथेही जसेच्या तसे लागू पडतील.

आता परई. लाकडाचे तीन तुकडे जोडून केलेलं कडं, व्यास साधारण ३५ सेंटिमीटर, एका अंगाला कातडं. दोन काठ्या: एक लांब, पातळ, बांबूची चिपाट, दुसरी आखूड आणि जाड. आपली हलगी डोळ्यांसमोर आणा, शेकणंही तसंच, पेंढ्याच्या जाळावर. शेकलं की कातडं ताणतं आणि सूर चढतो, गार पडलं की उतरतो. म्हणून परईच्या सुराला सा धरून बाईचा सूर मोजायचा नाही, तो दहा मिनिटांत बदललेला असतो. खालच्या कंपनसंख्या गाळून परई काढता येईल असंही कोणाला वाटतं. नाही येत. पातळ काठीचा फटका खालपासून वरपर्यंत सगळ्या पट्ट्यांत पसरतो आणि नेमका बाईच्या व्यंजनांवर बसतो. खरा उपाय वेळेचा आहे. वाजवणारे परई शेकायला थांबतात तेवढी मिनिटं मुद्रणात खूण करून ठेवा आणि सुरांचं मोजमाप त्याच तुकड्यांवर करा. बाकी भागात फक्त शब्द आणि प्रतिसाद टिपा.

मुद्रणाच्या वेळी यंत्राची आपोआप आवाज सावरणारी सोय बंद ठेवायची. ती चालू असेल तर परईच्या प्रत्येक फटक्यानंतर बाईचा आवाज दबतो आणि सावकाश वर येतो. टिपताना तो तिचाच चढउतार वाटतो. २४ बिट, ४८ किलोहर्ट्झ, वेव्ह फाइल. पातळी अशी की नेहमीचा आवाज उणे १८ डेसिबलच्या आसपास राहील. चिरका स्वर त्याहून बराच वर उडी मारतो.

आणि एक गोष्ट तांत्रिक नाही, पण तिच्याशिवाय टिपण अपुरं. मर्तिकाला परई वाजवणं आणि पुष्कळ ठिकाणी परक्याच्या घरी जाऊन ओप्पारी म्हणणं ही कामं दलितांवर लादलेली होती. नकार दिला तर मार. अनेक तरुणांनी परई वाजवणं ठरवून सोडलं, आणि पुढे त्याच वाद्याला स्वाभिमानाची खूण म्हणून स्टेजवर आणलं. आपल्याकडे मयताचा निरोप गावोगाव पायी पोचवणं हे महार वतनातलं काम होतं, ते वतन १९५८च्या कायद्याने गेलं. तेव्हा टिपणात कोण कोणासाठी गातं आहे हे लिहा: घरची, भावकीतली, की बोलावलेली; बोलावलेली असेल तर मोबदला घेऊन की रीत म्हणून. एकाच गावातल्या दोन ओप्पारींचा सूर वेगळा का, याचं उत्तर कधीकधी एवढ्याच रकान्यात मिळतं.

मजलिस

परवानगी मागताना 'गाऊन दाखवा' म्हणू नका. बहुतेक ठिकाणी नकार याच शब्दामुळे येतो. शिया मजलिसमध्ये, म्हणजे करबलाच्या हुतात्म्यांच्या शोकसभेत, सोझ (सुरुवातीची शोकरचना) रागात बांधलेला असतो, साथीला वाद्य नसतं, सोबतचे आवाज 'आस' म्हणून सा धरून ठेवतात. ऐकणाऱ्या कानाला ते उघड संगीत आहे. पण ते 'पढलं' जातं. मुंबईत डोंगरीला मोहरममध्ये कोणाला विचारलंत तरी हेच कळेल. सोझ, मग सलाम (अभिवादनाची रचना), मग सहा ओळींच्या कडव्यांचा मर्सिया (शोककाव्य), मग प्रवचन, आणि शेवटी नौहा (छाती बडवत म्हणायची रचना). नौह्यात छातीवरचा हात म्हणजेच ताल. तिथे टिपणाला सातवा स्तर लागतो: मातमचा, म्हणजे छाती बडवण्याचा, ठोका. तो शब्दांच्या आघातावर पडतो की आघातांच्या मध्ये, हे पाहिल्याशिवाय नौह्याची लय कळत नाही, आणि शेवटाकडे लय वाढते तेव्हा कडव्यातले दीर्घ स्वर आखूड कसे होतात तेही दिसत नाही.

पंजाबातला स्यापा, म्हणजे बायकांचा सामूहिक विलाप, असाच अंगाने बांधलेला. बायका गोलात उभ्या राहतात, नाईन (न्हाव्याच्या घरची) किंवा मिरासण (गाणाऱ्या मिरासी जातीतली) एक ओळ म्हणते, बाकीच्या 'हाय हाय' म्हणतात आणि हात मांड्या, छाती, तोंड अशा ठरलेल्या जागी पडतात. हा क्रम नुसत्या ध्वनिमुद्रणात कळत नाही. मांडीचा आणि छातीचा आवाज मुद्रणात जवळजवळ सारखा येतो, त्यासाठी स्थिर कॅमेरा हवाच.

रडण्यावरच्या बंदीचाही विचार करा. याज्ञवल्क्यस्मृती सांगते की नातलगांचे अश्रू आणि कफ प्रेताला नाइलाजाने गिळावे लागतात, म्हणून रडू नये, क्रिया करावी. प्राचीन अथेन्समध्ये सोलोनच्या कायद्याने बायकांच्या उघड विलापाला आवर घातला. ख्रिस्ती धर्मगुरू क्रिसोस्टोमने भाड्याने रडणाऱ्यांवर कोरडे ओढले. आयर्लंडमध्ये सतराव्या शतकात चर्चच्या सभांनी विलापिणींना पुन्हा पुन्हा मनाई केली. इतक्या ठिकाणी, इतक्या वेळा मनाई करावी लागली यावरून त्या आवाजाचं बळ कळतं. व्यवहारात याचा अर्थ असा की घरातला कर्ता पुरुष 'आमच्यात असं रडत नाहीत' म्हणाला तरी तेवढ्यावर नोंद बंद करू नये. घरातल्या म्हाताऱ्या बाईला वेगळं, शांतपणे विचारावं.

अंतरा

सगळ्यांचे मनापासून आभार. श्वासाचा स्तर आधी करून पाहिला, ओळी खरंच वेगळ्या पडल्या. दोन शंका राहिल्या. घरच्या एका मुद्रणात पहिल्या ओळीचा टेकायचा सूर २०८ हर्ट्झ आहे आणि वीस मिनिटांनंतर २३३. हा यंत्राचा दोष की आवाज खरंच चढला? आणि 'म्हणून दाखवलेल्या' मुद्रणांचं काय करायचं?

श्रुतिलेख

२०८ ते २३३ म्हणजे १९६ सेंट, जवळजवळ एक पूर्ण सूर. तपासायची सोपी पद्धत: मुद्रणात विजेची घरघर असेलच, दिव्याची किंवा पंख्याची. आपल्याकडे ती ५० आणि १०० हर्ट्झला येते. अरुंद पट्ट्यांच्या, म्हणजे खिडकी ०.०३ किंवा मोठी केलेल्या, वर्णपटात १००ची आडवी रेघ सुरुवातीला आणि शेवटी एकाच उंचीवर असेल तर यंत्र ठीक आहे, आवाज चढला. साथीला स्थिर सूर नाही, कंठ ताणलेला आहे आणि प्रतिसाद देणाऱ्या दर वेळी थोडं वरून उचलतात, मग चढणारच. म्हणून तर ओळीपुरता सा. प्रत्येक ओळीचा सा एका आलेखावर मांडा. चढ सावकाश आहे की नवी बाई घोळक्यात शिरली की उडी मारतो, हे पाहणं मोलाचं आहे. पथकाच्या मुद्रणात कीबोर्ड असेल तर हा आलेख सपाट येईल, आणि तो सपाटपणाच घरच्या आणि मंचावरच्या ओप्पारीतला सगळ्यांत मोजता येण्याजोगा फरक आहे.

पथकाच्या मुद्रणावर खरखर काढायचं फिल्टर चालवलेलं नाही ना, ते विचारून घ्या. ते फिल्टर आत ओढलेला आवाज खरखर समजून पुसून टाकतं. मग 'पथकात दुसरी खूण नाही' हा निष्कर्ष गाणाऱ्याचा नसून संपादकाचा ठरतो.

गटातले आवाज सुटे हवे असतील तर कंठाला लावायचे माइक असतात. फ्रँक शेर्बाउम आणि नाना म्झावानाद्झे यांनी २०१६ साली स्वानेतीत असेच माइक लावून तिन्ही आवाज वेगळे मिळवले. पण ते संमतीने, ठरवून केलेल्या मुद्रणात. मयताच्या घरी कोणाच्या गळ्याला पट्टा बांधायला जाऊ नये.

उत्तरायण

दाखवलेल्या मुद्रणांबद्दल: ती फेकू नका, पण वेगळ्या गठ्ठ्यात ठेवा. कारेलियाच्या संग्रहांतला मोठा भाग असाच आहे. शब्द, प्रतिमा, ओळीची घडण यांसाठी ती विश्वासाची असतात. लांबी, पट्टीचा चढ आणि प्रतिसाद यांसाठी नाही, कारण समोर साथ देणारं कोणी नसतं. पुष्कळ जणी घरात म्हणायला तयार होत नाहीत, अशुभ मानतात. त्या म्हणतील त्या जागी, म्हणतील त्या दिवशी जावं. आणि दाखवता दाखवता खरं रडणं सुरू झालं तर यंत्र बंद करायचं. बंद केल्याची वेळ लिहून ठेवा, तीही माहिती आहे.

कोरडवाहू

शेवटी साठवणुकीचं. ओप्पारीत घरातली भांडणं, जमिनीचे वाद, माणसांची नावं उघड येतात. त्या दिवशी अंगणात जे बोलायला मुभा होती ते इंटरनेटवर गेलं तर त्या बाईला पुढचं आयुष्य कठीण होऊ शकतं. टिपणाच्या दोन प्रती करा. मूळ प्रतीत सगळं. वापरायच्या प्रतीत नावाच्या जागी नातं, गावाच्या जागी तालुका. ध्वनिफाइलमध्येही नावावर शांतता टाका, पण त्या जागेची लांबी आणि पट्टी आधी मोजून घ्या, नाहीतर चिरका स्वर नेमका नावावरच असतो आणि तो हरवतो. संमती दोनदा घ्यायची: एकदा मुद्रणाआधी घरच्यांची, आणि सुतक सरल्यावर गाणाऱ्या बाईला मुद्रण ऐकवून तिची स्वतःची. तिने एखादी ओळ काढा म्हटलं तर काढायची. पुढे मुद्रणं एखाद्या संग्रहात द्यायची झाली, समजा गुरुग्रामच्या लोकसंगीत-अभिलेखागारात, तर कोणाला ऐकता येईल आणि कोणाला नाही याची अट देतानाच कागदावर लिहून द्या. नंतर ती घालणं अवघड जातं.